रिकामी गिरणी

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा वडूजला! सांगलीहून सकाळी निघालो, विट्याला मिसळ खाल्ली, मायणीपाशी टेम्पोचं चाक बसलं, तरी दुपारी सामान उतरवून मोकळा. खोक्यांवर मी मुद्दाम 'भांडी' असं लिहिलं होतं. आत अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, टेपडेक आणि हेडफोनांचं अख्खं खानदान. टेम्पोवाल्यानं विचारलं, एकट्या माणसाला एवढी भांडी कशाला? म्हटलं, पाहुणे फार येतात. आपल्या खोक्यात काय आहे ते जगाला का कळावं?

जागा बघून तर मी हरखलोच. ही मुळात पिठाची गिरणी. दोन हात जाड दगडी भिंती, एक दार, अंगणाकडे एक खिडकी. मध्ये उभा राहून टाळी वाजवली. आवाज गेला तो परत आलाच नाही. वर्षानुवर्षं पीठ बसून भिंती मऊ झाल्यात. पुण्यात असल्या खोलीसाठी लोक भिंतींना फोम चिकटवत बसतात आणि वर मित्रांना बोलावून दाखवतात.

मालकीण अख्तरबी, साठीला टेकलेल्या, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. नवरा फारूक फार तरुणपणी वारला. मुलगी जीनत तासगावला शाळेत शिकवते, संसार तिकडेच. मी त्यांना चाची म्हणायचं ठरवलं, त्यांनी मला थेट 'अरंतुरं'वर घेतलं. भाडेकरारासाठी आधारची झेरॉक्स काढून तिच्यावर आडवं 'फक्त या कामासाठी' असं लिहून आणलं होतं. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. तोंड बघितलं, झालं, म्हणाल्या. अशी मालकीण लाखात एक.

कोपऱ्यात गोणपाटाखाली जुनी गिरणी अजून आहे. दगड, पट्टा, मोटार, सगळं. ती तेवढी हलवू नकोस म्हणाल्या, सासऱ्यांची आहे. राहू दे की, मला काय तिच्यावर दळायचंय?

५ नोव्हेंबर, बुधवार

बस्तान बसलं. पुण्याच्या कंपनीचं काम सकाळी उरकतो, दुपार माझी. फोन काम नसेल तेव्हा पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. चाचींनी बघितलं आणि विचारलं की तो शिळा होतो का बाहेर ठेवला तर. हसा म्हणावं. सगळा देश आपापल्या खिशात चोरटा कान घेऊन हिंडतोय आणि मलाच लोक विक्षिप्त ठरवतात. ही रोजनिशी कागदावर लिहितो तीही त्याचसाठी. कागद कुणाच्या सर्व्हरवर जात नाही.

माझं क्रिप्टोचं पाकीट चोवीस शब्दांवर उघडतं. ते शब्द ज्याला माहीत, पाकीट त्याचं. बँक नाही, साहेब नाही, सही नाही. ते मी कुठंही लिहून ठेवलेले नाहीत. सकाळी आई तिकडे सांगलीत त्रिसरण म्हणत असते तेव्हा मी इथं दात घासताना मनात हे शब्द म्हणतो. आईलाही ठाऊक नाहीत.

माझ्या मागच्या भिंतीला लागून लालासाहेबांची चहाची टपरी आहे. माणूस दिलदार, चहा म्हणजे निव्वळ काकवी. मी आपला गप पितो.

९ नोव्हेंबर, रविवार

आज चाचींनी टेपडेक बघितला. मग अंगणात बसून जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो.

चाचींच्या तरुणपणी इकडची माणसं कामासाठी आखातात जायची, फारूकही. बायकांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनाही मनातलं लिहिता येत नव्हतं. मग कॅसेट. एका बाजूला बायकोनं बोलायचं, कुणी जाणारा असला की त्याच्या हाती द्यायची, नवऱ्यानं ऐकून दुसऱ्या बाजूला उत्तर भरून पाठवायचं. पण भरल्या घरात, सासू-दिरांत बोलणार कुठं? चाचींचे सासरे जैनुद्दीन यांनी तोड काढली. गिरणीत टेप ठेवला. दुपारी दळण संपलं की बाईनं आत जायचं, दार लावायचं, आणि जैनुद्दीन बाहेरून बटण दाबून गिरणी सुरू करायचे. दाणा नाही, काही नाही. नुसती रिकामी गिरणी. तिच्या घरघरीत बाई माइकला ओठ टेकवून बोलायची. बाहेर कुणाला एक अक्षर कळायचं नाही. कॅसेटवरही दुसऱ्या कुणाला नुसती घरघरच. ज्याच्यासाठी असायची त्याला मात्र आपल्या बायकोचं कुजबुजणं त्यातूनही उमजायचं.

गिरणी रिकामी फिरली की दगडावर दगड घासून झिजतो. म्हातारबांना ते कळत नव्हतं थोडंच! तरी गावातल्या बायकांसाठी फिरवत राहिले. वा! नुसता आवाज घालून गुपित राखायचं. आम्ही संगणकावर हेच करतो आणि वर इंग्रजीत मिरवतो. मी मनातल्या मनात म्हातारबांना सलाम ठोकला.

मग चाचींनी पदराखालून एक कॅसेट काढली. त्यांची शेवटची. त्यांनी आपली बाजू भरून धाडली, फारूकनी उत्तर भरलं, आणि पाठवण्याआधीच तिकडे गाडीखाली गेले. कॅसेट त्यांच्या बॅगेतून परत आली. चाचींनी ती आजवर ऐकलेली नाही. म्हणाल्या, मी त्यांना काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर 'नको' असलं तर काय करू, म्हणून धीर झाला नाही. आता टेप आत अडकलीय. नीट करून देशील का?

देईन म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि सांगितलं, "त्यांची बाजू ऐक. माझी ऐकू नगंस रं बाबा."

मी म्हटलं, चाची, या बाबतीत माझ्याइतका कडक माणूस तुम्हाला पुऱ्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालं काम! आतली गादी झडली होती, फीत एका जागी चुरगळली होती. नव्या कॅसेटच्या कवचात घातली, हातानं फिरवून सैल केली. फारूकच्या बाजूला मागं कसल्यातरी पंख्याची घुंई होती, ती संगणकावर साफ केली आणि चाचींना माझे सगळ्यात चांगले हेडफोन घातले.

त्यांनी डोळे मिटले. घरात ही माणसं आपल्या वळणाची हिंदी बोलतात, तीत फारूक सावकाश बोलत होते. मी काम म्हणून तेवढंच ऐकलं. ते म्हणत होते, तू केलंस ते बरोबर केलंस, पोरगी आपली आहे, माझी आहे, मी आलो की माझ्या तोंडानं तिच्या कानात तिचं नाव सांगीन. चाची हेडफोन न काढताच रडल्या. मग उठल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

महिनाअखेरीला जीनत येणार आहे. तिनं वडिलांचा आवाज जन्मात ऐकलेला नाही. तोवर कॅसेट माझ्याकडेच राहू दे म्हणाल्या, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.

पण 'तू केलंस ते' म्हणजे काय केलं असेल?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लालासाहेब लेकीकडे मेढ्याला गेलेत, टपरी बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. दुपारभर काही सुचेना.

ऐकली मी. चाचींची बाजू.

मनाशी म्हटलं होतं, फक्त गिरणीचा आवाज काढता येतो का ते बघू. शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. आजवर एवढा दाट आवाज मी कधी काढलेला नाही. सुरुवातीला काही लागेचना. मग दगडाची घरघर वेगळी केली, पट्ट्याचा फटका वेगळा, मोटारीची गुणगुण वेगळी, आणि एकेक पुसत गेलो. शेवटची गुणगुण गेली आणि एक तरुण बाई माझ्या कानाला ओठ लावून बोलायला लागली. तेव्हा मी हेडफोन काढायला हवे होते. हात वर गेलाही होता.

चाची बाळंतपणाला माहेरी, दहिवडीकडे गेल्या होत्या. हाताखाली म्हणून धाकटी नणंद अफसाना सोबत. तिचं लग्न व्हायचं होतं आणि तीही दिवसांत होती; कुणाला पत्ता नव्हता. चाचींचं बाळ चौथ्या दिवशी गेलं. त्याच आठवड्यात अफसानाला मुलगी झाली. दोघी एकच बाळ घेऊन घरी आल्या. जीनत अफसानाची आहे. फारूकना चाची विचारत होत्या, ही आपली म्हणून वाढवू का? आणि दाराबाहेर बटणापाशी जैनुद्दीन बसलेले. अफसानाचे वडील. त्यांनाही माहीत नव्हतं.

अफसाना आता बारामतीला नातवंडांत आहे. ईदला फुफी म्हणून येते. जीनतला काही म्हणजे काही ठाऊक नाही.

साफ केलेली फाइल, काढलेला आवाज, सगळं सात वेळा पुसून नाहीसं केलं. आता हे माझ्याबरोबर जाईल. माझ्याइतकी सुरक्षित जागा नाही. तरी संध्याकाळी चाचींनी अंगणातून हाक मारली नाही तेव्हा बरंच वाटलं. त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोलीत विलक्षण शांतता आहे. पंखा फिरतो पण त्याची कुरकुर ऐकू येत नाही. म्हटलं तेल कुणी घातलं? माइक लावून मोजलं तर काटा हललाच नाही. यासाठी लोक जन्म घालवतात! दुपारभर जुनी गाणी ऐकली. गायक श्वास घेतात तोही कळतो.

लालासाहेब परत आलेत. पुन्हा तीच काकवी. एक दिवस त्यांना सांगायला पाहिजे की बाबा, साखर आटवून विकायची असेल तर सरळ कारखान्यात जा.

एक मात्र चमत्कारिक. मूळ कॅसेट पुन्हा डेकवर घातली. नुसता एक सेकंद, फीत नीट बसली का ते बघायला. चाचींच्या बाजूला गिरणी नाही. मी मूळ फितीला हात लावलेला नाही, जे पुसलं ते संगणकावर पुसलं. तरी फितीवर घरघर नाही. नुसतं चाचींचं बोलणं, लख्ख. झटकन बंद केली. डेकचं हेड खराब झालं असणार, दुसरं काय?

१९ नोव्हेंबर, बुधवार

टपरीवर गेलो तर लालासाहेबांनी बिनसाखरेचा चहा पुढं केला. चेहरा उतरलेला. मी विचारलं तर म्हणाले, "तुमीच म्हनला न्हवं पावणं, साखर विकायची तर कारखान्यात जा. तोंडावर म्हनायचं हुतं." मी कधी म्हणालो? रविवारी, म्हणाले, दुपारभर. लय बोलता की तुमी आत एकटंच.

घरी येऊन ही वही चाळली. रविवारी मी हे लिहिलं होतं. शब्द न् शब्द.

वही कुणी वाचली? कुलपाची किल्ली माझ्याकडे. म्हणजे कुणीतरी वर कॅमेरा लावलाय. सगळी कौलं तपासली, बोर्ड उघडले, बल्ब काढून बघितले, दोन्ही स्पीकर खोलले. फोन डब्यात, डबा पेटीत, पेटी पलंगाखाली. काही सापडलं नाही.

लालासाहेबांचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. चांगला माणूस आहे. बिचाऱ्यानं पैसेही घेतले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी माइक लावला, टेप चालू केला, आणि वहीत चार ओळी लिहिल्या. पाऊस नाही, शाळू बरा आहे, असलं काहीतरी. मग ऐकलं. कागदावर पेन घासल्याचा आवाज नाही. खुर्ची करकरत नाही. फक्त माझा आवाज. पाऊस नाही, शाळू बरा आहे. एकेक शब्द, मी लिहिला त्या गतीनं.

मी पुटपुटत असेन म्हणून तोंडात पाणी धरून बसलो. गाल फुगेपर्यंत. पुन्हा लिहिलं. पाणी थुंकून ऐकलं. माझाच आवाज, स्वच्छ, मागं काही नाही. जसा मी चाचींचा केला होता तसा.

आता लिहितोय हेही कुणीतरी ऐकतंय.

आणि चौदा तारखेला मी काय लिहिलं?

चाची तेव्हा अंगणात होत्या. खिडकीतून मी त्यांना बघितलं होतं. निवडायला सूप घेऊन बसल्या होत्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चाची स्वतःच आल्या. मी उठून उभा राहिलो, बसा म्हणायचं सुचलं नाही. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. गोणपाटावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी दगड घालवलं, पर सुनंचा शबुद कानावर पडू दिला न्हाई. तुला नुसतं एक बाजू सोडायची हुती."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. तीस तारखेला जीनत येतेय, त्याआधी खोली सोड, एवढं सांगितलं. कॅसेट घेतली आणि पदराखाली धरून गेल्या. दार ओढून घेतानाही आवाज झाला नाही.

मेलो असतो तर बरं, असं वाटलं. ते मी लिहिलं म्हणजे तेही त्यांना ऐकू गेलं. माझी लाजसुद्धा माझ्याजवळ राहत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही. वाटलं, लिहिणं थांबवलं की हे थांबेल.

आईचा फोन आला. गुडघ्याचं सांगत होती. मी हं हं करत होतो. मध्येच तिनं गुडघ्याचं सोडून दिलं. मग हळूच म्हणाली, "मी जड झालीया व्हय रं तुला?"

मी असं बोललो नव्हतो. मनात आलं होतं. कधी एकदा ठेवते, हिचं रोजचंच आहे, असं. आई, तसं नाही गं — म्हणेपर्यंत तिला पुढचंही ऐकू गेलं असणार. जे मी कुणाला, स्वतःलाही कधी — तिनं फोन ठेवला.

म्हणजे लिहिण्यावर नाही. मनात येईल ते बाहेर जातं.

एवढंच कळलंय की लिहीत असलो म्हणजे जे लिहितो तेवढंच जातं. बाकीचं मागं राहतं. म्हणून लिहितोय.

संगणकावर पुसलेलं परत येतं का बघितलं. सात वेळा पुसलेलं. मीच पुसलेलं. येत नाही. म्हातारबांची घरघर जगात फक्त त्या फितीवर उरली होती, आणि तीच मी पुसली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सामान इथंच टाकून सकाळी साताऱ्याची एसटी धरली. खिडकीपाशी बसलो. चोवीस शब्द म्हणत राहायचं ठरवलं होतं, पण ते तरी कसे म्हणू, सगळी गाडी ऐकेल. मग शेतं मोजली. खांब मोजले. गाडीचा आवाज येत नव्हता. खड्ड्यातून जाताना पत्रे हलताना दिसायचे, नुसते दिसायचे.

पुसेगावच्या अलीकडे डोळा लागल्यासारखं झालं. दचकून उठलो तर पुढच्या बाकावरची म्हातारी वळून माझ्याकडे बघत होती. सगळेच बघत होते. तिनं विचारलं, "कुठली रं अख्तरबी? वडूजची, गिरणीवाल्याची सून का?"

तिथंच उतरलो. चालत परत आलो, रस्त्यानं नाही, रानातून. जिथं जाईन तिथं मीच ते नेणार. इथं निदान भिंती दोन हात जाड आहेत.

चाचींना सगळं सांगितलं. सांगायची काय गरज, त्यांनी ऐकलंच असेल. जीनतला येऊ नको म्हणा, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, बापाचा आवाज ऐकायला येतेय ती. काय सांगून नको म्हणू?

२९ नोव्हेंबर, शनिवार

गिरणी सुरू करायची. तेवढंच उरलंय.

लालासाहेबांना विनवलं. आले. माझ्यासाठी नाही म्हणाले, भाभीसाठी. का ते विचारलं नाही त्यांनी. म्हणजे त्यांनाही — असो. मोटारीचे कार्बन बदलले, नवा पट्टा चढवला, मी दगड पुसले. जुनं पीठ निघालं, कबरं. बटण चाची दाबणार म्हणाल्या. जिथं सासरे बसायचे त्याच दगडावर बसल्या.

दाबलं.

फिरली. पट्टा लवलव करत फिरला, दगड फिरला, दगडावर दगड, ठिणगी उडालेली दिसली, जमीन पायाखाली थरथरली. आवाज नाही.

काहीच आवाज नाही. एवढी मोठी गिरणी, आणि मुकी. लालासाहेबांनी कानात बोट घालून हलवलं. आणि त्या शांततेत माझं मन बोलत होतं, आता काय, आता काय, जीनत उद्या येणार, जीनतला कळणार — लालासाहेब माझ्याकडे न बघता निघून गेले.

चाचींनी बटण बंद केलं. दगड झिजतील म्हणाल्या.

मला शिवी तरी द्या, चाची.

३० नोव्हेंबर, रविवार

आली. रिक्षा ऐकू आली नाही, खिडकीतून दिसली. उंच आहे. हातात डबा.

लिहायचं. हात थांबू द्यायचा नाही. दाराला आतून कडी, खालच्या फटीत चादर, भिंतीला गादी. भिंत पांढरी आहे. खिळे तीन. चहा गोड असतो, लालासाहेबांचा चहा गोड असतो, गोडच चांगला. शाळू बरा आहे.

समोर टेप चालू केला असणार. चाचींनी पदर तोंडाला लावलाय. ती खाली बसली. ती रडतेय. बापाचा आवाज — बाप तिचा — नाही. भिंत पांढरी आहे. खिळे तीन. शाळू बरा आहे.

उठली. इकडं येतेय. डबा घेऊन. का?

दारापाशी आहे. दादा म्हणते. शेवयांची खीर आणलीय म्हणते, तुमच्यामुळं अब्बांचा आवाज ऐकला. माझ्यामुळं. पाया पडते म्हणते. नको गं. मी तुझ्या —

भिंत. भिंत. खिळे.

विचारतेय. अब्बा म्हणतात तू केलंस ते बरोबर केलंस. अम्मीनं काय केलं होतं, दादा? अम्मी सांगत नाही. दुसऱ्या बाजूला अम्मीचा आवाज आहे ना? तुम्ही ऐकलाय का?

नाही. नाही ऐकलं. नाही ऐक — खोटं लिहिता येत नाही, हात अडतो —

दुसरं काहीतरी. मोठं. माझं. माझं कुणाला न सांगितलेलं. घे. ऐक, सगळ्या गल्लीनं ऐका. ऑर्बिट. लेमन. टनेल. वेल्वेट. ज्याला पाहिजे त्यानं पाकीट घ्या. लॅडर. विंटर. बास्केट. मी भित्रा आहे. हार्वेस्ट. कॅमल. आईचा फोन आला की कंटाळतो. मेटल. पेपर. सायलेंट. मी शब्द दिला होता. कॅसल. ऑरेंज. शब्द मोडला. ब्रिज. माझी लाज ऐका, तिची नको. कॉटन. रिव्हर. मंकी. ऐका. पेन्सिल. गार्लिक. शॅडो. आयलंड. जॅकेट. ऑटम.

संपले.

ती अजून उभी आहे. हे काय बोलताय म्हणते. पुन्हा. ऑर्बिट. लेमन. टनेल. हात दुखतोय. वेल्वेट. लॅडर.

दाराच्या फळ्यांमधून दिसतंय. चाची धावत आल्या. मागून तिचे कान धरलेत. दोन्ही हातांनी, घट्ट, लहान पोरीचे धरावेत तसे. ती म्हणतेय, अम्मी, सोड ना. चाची माझ्याकडे बघतायत. दाराकडे. मान हलवतायत.

विंटर. बास्केट. अम्मी म्हणाली ती. बास्केट. हार्वेस्ट. कॅ

तिनं हात बाजूला केले. हसून. विंटर. भिंत. चाची, मी नाही लिहीत, मी नाही — हात — जीनत, जा ना गं — जीनत, तू अफसाना